चुलत गाडीच्या भरवशावर: नौपाड्यातल्या एका स्पिटफायरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्या बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये ही गाडी उभी होती, तो बंगला आता नाही. ठाण्याच्या नौपाड्यात गल्लोगल्ली जे चाललंय तेच तिथेही झालं, पुनर्विकास. घर रिकामं करायला बिल्डरने 31 मार्च 2022 ही तारीख दिली आणि त्या तारखेमुळे गाडीचा विषय निघाला. एरवी ती आणखी वीस वर्षं तिथेच राहिली असती.

नावं मुद्दाम देत नाही. काकू म्हणजे गाडीच्या मालकाच्या पत्नी, वय 78. त्यांचा पुतण्या आयटीत, राहायला घोडबंदर रोडला. मुलगी परदेशात. काका 2018 मध्ये गेले. माझं वागळे इस्टेटमध्ये लहानसं मशीन शॉप आहे. लेथ, मिलिंग, थोडं ग्राइंडिंग. पुतण्या माझ्या मुलाच्या वर्गातला. "काका, जरा एकदा येऊन बघा ना" एवढ्या बोलण्यावर नोव्हेंबर 2021 मध्ये गेलो आणि सव्वादोन वर्षं त्यातून सुटलो नाही.

शेडमध्ये निळी ताडपत्री, ताडपत्रीवर दोन गाद्या, दिवाळीचे कंदील, एक मोडका पाळणा. ते सगळं उतरवल्यावर खाली निघाली ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क 3, 1968 ची बांधणी. दोन माणसांची, कापडी टपाची, उंचीला जेमतेम चार फूट. एका रासायनिक कारखान्यात कामाला आलेल्या इंग्रज तंत्रज्ञाने ती सोबत आणली होती. तो परत गेल्यावर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन (एसटीसी) या सरकारी कंपनीमार्फत ती विक्रीला निघाली आणि काकांनी घेतली. मुंबईत पहिली नोंदणी 1971 ची. काकांनी 1998 पर्यंत चालवली. मग क्लच गेला, मग गुडघे गेले, मग ताडपत्री आली.

या मॉडेलचा जन्मही असाच झाकलेल्या अवस्थेतून झाला. जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने केलेला नमुना ट्रायम्फच्या कोव्हेंट्रीच्या कारखान्यात कोपऱ्यात धूळकापडाखाली पडून होता. 1961 मध्ये लेलँडने कंपनी ताब्यात घेतली, नवे मालक काय काय हाती लागलं ते बघत फिरत होते, तेव्हा तो सापडला. 1962 च्या लंडन मोटर शोमध्ये गाडी लोकांसमोर आली. आत बरंचसं सामान मात्र ट्रायम्फ हेरॉल्डचं. पुढचं सस्पेन्शन, स्टीअरिंग, मागचा आडवा कमानपाटा, अख्खं पुढे उघडणारं बॉनेट, सगळं त्याच घराण्यातलं.

हेरॉल्ड म्हटलं की आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या माणसाचे डोळे चमकतात, कारण मद्रासमध्ये तीच गाडी 948 सीसी इंजिन घालून स्टँडर्ड हेरॉल्ड म्हणून बनत होती. ठाण्यात डॉक्टर, वकील मंडळींकडे होत्या. त्यामुळे ट्रायम्फ या नावाला न घाबरणारे दोनतीन जुने मिस्त्री आजही सापडतात. आमचे मिस्त्रीकाका त्यातलेच, वय 71. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ही तर हेरॉल्डची चुलत बहीण." या वाक्याने आमचं पुष्कळ काम सोपं केलं आणि एक काम पार बिघडवलं. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

अडचण

खाडीची हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि मातीची जमीन. गाडी तेवीस वर्षं यात उभी. वरून बरी दिसत होती, कारण 1990 च्या दशकात कोणीतरी तिच्यावर पुट्टीचा जाड थर देऊन लाल ड्युको मारला होता. मी खिशातलं चुंबक काढून पत्र्यावर फिरवलं. बॉनेटला चिकटलं, दाराला चिकटलं, दाराखाली मात्र चिकटेना. दाराखालून पुढच्या चाकाकडून मागच्या चाकापर्यंत जी पोकळ पेटी जाते, तिला सिल म्हणतात. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून अंगठ्याने दाबला, तर दांड्यापर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्यासोबत ओल्या चहापत्तीसारखा गंज आला.

इंजिन हाताने फिरत होतं, हे नशीब. पण मिस्त्रीकाकांनी पुतण्याला क्लच दाबायला बसवलं आणि स्वतः पुढे वाकून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवर बोट ठेवलं. क्लच दाबला की पुली पुढे सरकत होती, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतकी. या इंजिनात क्रँकची पुढेमागे हालचाल 0.10 ते 0.20 मिलिमीटर असावी लागते. डायल गेज लावलं तर 0.46 आली. मागच्या मेन बेअरिंगला अर्धचंद्राकृती दोन वॉशर असतात. ते झिजून खाली तेलात पडले की क्रँक थेट ब्लॉकचं लोखंड खायला लागतो. ते पडले नव्हते, पण फार दिवस राहिलेही नसते.

कागदांची तऱ्हा वेगळीच. आरसी बुक मिळालं, एसटीसीची पावती मिळाली, पण गाडी अजून काकांच्याच नावावर. मालक गेल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवून पुढे फॉर्म 31 भरायचा असतो. यांची तीन वर्षं उलटली होती.

आणि वर 31 मार्च.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तशी विकणं. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने फोटो बघूनच तीन लाख सांगितले. परदेशातल्या मुलीचं मत विकण्याकडे होतं आणि व्हिडिओ कॉलवर तिने ते स्पष्ट सांगितलं: "आई, तू ती गाडी किती वेळा वापरलीस?" काकूंनी बोटांवर मोजून सांगितलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा टप गळत होता. यावर सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. माझ्या मते तो तिथे राहायला नको होता. तीन लाख हा आकडा वाईट नव्हता. बैठकीत एवढी एक गोष्ट कोणीतरी स्वच्छ बोलायला हवी होती आणि तो माणूस मी होतो.

दुसरा पर्याय पुतण्याचा. मारुती जिप्सीचं 1298 सीसी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवायचा, रुंद अलॉय व्हील, आत नव्या सीट, रंग लालच. कल्पना वेडगळ नव्हती. जिप्सीचं इंजिन उभं बसतं, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला तेच लागतं. सीसी जवळपास तेवढीच (मूळ इंजिन 1296 सीसीचं), ताकद 75 ऐवजी 80 अश्वशक्ती, आणि सुटे भाग ठाण्यात कुठेही मिळतात. कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याने एक इंजिन हेरूनही ठेवलं होतं.

तिसरा, शोरूममधून निघाली तशी हुबेहूब मूळ गाडी. प्रत्येक नटबोल्ट इंग्लंडहून.

चौथा मधला. बॉडी, चॅसिस, इंजिन मूळचंच ठेवायचं, आणि आजच्या रस्त्यावर चालायला जे बदल लागतील ते असे करायचे की काढलेला प्रत्येक भाग खोक्यात नाव लिहून राहील आणि एका रविवारात परत बसेल. एकही नवं भोक पाडायचं नाही, एकही मूळ कंस (ब्रॅकेट) कापायचा नाही.

जिप्सीचं इंजिन का नको, याला तांत्रिक कारणापेक्षा कायद्याचं कारण मोठं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब आणखी घट्ट केली. त्यात जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात असावी. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, नव्यांना व्हीए मालिकेतला नंबर. आमची गाडी 1971 ची, म्हणजे नेमकी त्याच वर्षी पात्र झालेली. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवरच्या, पाटीवरचा क्रमांक 'एफडी'ने सुरू होत होता, इंजिनावरचाही 'एफडी'नेच. मार्क 3 चीच ही अक्षरं. म्हणजे इंजिन याच मॉडेलचं होतं. ते काढून जिप्सीचं घालायचं, म्हणजे हातातलं तिकीट फाडून रांगेत उभं राहायचं.

या नियमाला दुसरी बाजू आहे आणि ती आम्ही पुतण्याला त्याच दिवशी सांगितली, हे बरं केलं. विंटेज नोंदणीची गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्याशी चहा प्यायला जाणं त्यात बसत नाही. त्याचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी फोन आला, "चौथा पर्याय. पण आतलं थोडं मला करू द्या."

काय केलं

जानेवारी 2022 मध्ये फ्लॅटबेडवर चढवून तीन हात नाक्यावरून गाडी माझ्या गाळ्यात आणली. काकू गेटपर्यंत आल्या, बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं आणि शेडमध्ये परत गेल्या, कंदील उचलायला.

इंजिन माझ्याकडेच उघडलं. बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकं, चांगले होते; ते मोठे करून पुढच्या मापाचे पिस्टन घालायची वेळ आली नाही. क्रँकला ते अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर नवे घातले, मागच्या बाजूला एक जाड आकाराचा, आणि हालचाल 0.15 वर आणली. ही गाडी शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला गादीसारखं काम करायचं. आपल्याकडे ते पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं. म्हणून हेड उतरवून एक्झॉस्टच्या सीट कठीण धातूच्या बसवल्या. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हा आणखी एक काम वाढलं. जुने रबरी होस, पंपाचा पडदा, सगळं इथेनॉल सोसणारं घातलं. दोन्ही एसयू कार्बोरेटरचा जेट थोडा खाली घेतला, कारण त्या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं. एक रबरी नळी कानाला लावून, दुसरं टोक आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुसफुस सारखी होईपर्यंत मिस्त्रीकाका स्क्रू फिरवत बसले. अर्धा तास कोणाला बोलू दिलं नाही.

पान्यांचं सांगायला हवं. गाडीवरचे नटबोल्ट इंची आहेत. आपल्या गॅरेजमधला 13 चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही, आणि जोर लावला की नटाचे कोपरे खातो. 1998 च्या आधीच्या कोणीतरी अशी अकरा डोकी गोल केली होती. इंची पान्यांचा संच घेणं हा आमचा पहिला खर्च होता आणि सर्वांत शहाणपणाचा.

आता मिस्त्रीकाकांच्या हेरॉल्डच्या ज्ञानाचा फायदा. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. त्याला वंगणाची जागा आहे, आणि ती बघून कोणाचाही हात ग्रीसगनकडे जातो. माझाही गेला. मिस्त्रीकाकांनी मनगट धरलं. "यात ग्रीस नाही. नव्वद नंबर ऑइल." ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, सुकतं, आत पाणी राहतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटून चाक आडवं होतं. उघडून बघितलं तर डाव्या बाजूला तेच चाललं होतं. आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर. हेरॉल्डमध्ये त्यांनी एकदा ते प्रत्यक्ष बघितलं होतं, कळव्याच्या पुलावर. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन इंग्लंडहून मागवले. पार्सल सोडवताना मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास पैसे वर गेले, पण यावर कोणी वाद घातला नाही.

जिथे चुकलो

बॉडीचं काम माझं नाही. ते रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका डेंटरकडे दिलं. माणूस हाताचा चांगला, अजूनही त्याच्याकडे कामं पाठवतो. प्रश्न आला होता की बॉडी चॅसिसवरून उचलायच्या आधी आतून आधाराचे पाइप वेल्ड करायचे का. हा खर्च तेव्हा पंधरा हजारांच्या आत होता. मी मिस्त्रीकाकांना विचारलं. ते म्हणाले, हेरॉल्डला कधी केलं नाही. हेरॉल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांत सोडवायचो, सिल म्हणजे नुसती शोभेची पट्टी.

ते खरंच सांगत होते. हेरॉल्डच्या चॅसिसला दोन्ही बाजूंना कडेचे दांडे आहेत, वजन त्यांच्यावर असतं. स्पिटफायर हलकी आणि बुटकी करताना हे कडेचे दांडे काढून टाकले. उरली ती मधली कण्यासारखी चॅसिस. दांड्यांचं काम सिलवर आलं. तिहेरी पत्र्याची ती पेटीच गाडीला मधून वाकू देत नाही. त्यात मागच्या चाकांना जागेवर धरणारे दांडे पुढच्या टोकाला बॉडीतच, सिलच्या जवळ बसतात. वर छप्पर नाही. सिल गेला की पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग यांच्यात उरतो तो फक्त फरशीचा पत्रा.

चुलत बहीण खरी, पण पाठीचा कणा वेगळा.

जून 2022 मध्ये डेंटरने दोन्ही बाजूंचे सिल एकाच दिवशी कापले. बॉडी दोन लाकडी घोड्यांवर, एक पुढे, एक मागे. आठवडाभर मुसळधार पाऊस, विटाव्याच्या पुलाखाली पाणी, मी तिकडे गेलोच नाही. नवे सिल वेल्ड झाले, सुबक झाले. मग दार लावायला घेतलं आणि दार बसेना. खालच्या बाजूला फट होती तेवढी, वर मात्र दाराची मागची कड खांबाला घासत होती. बॉडी मधून खाली बसली होती आणि आम्ही तिला तशीच, बसलेल्या अवस्थेत, नव्या पत्र्याने पक्की करून टाकली होती.

डेंटर म्हणाला, दार जरा घासून बसवू, पुट्टीने लाइन काढतो, कोणाला कळणार नाही. रोजच्या गाडीला मीही हो म्हटलं असतं. पण दार घासून बसवलं तरी मागच्या चाकांचे कंस वाकड्या जागीच राहणार होते. दुसरी अडचण माझ्या डोक्यावर बसली: मूळ माप किती, हे कुठे लिहिलंच नव्हतं. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत टेप धरून चार आकडे लिहायला पाच मिनिटं लागली असती.

शेवटी परदेशातल्या एका मालकाला मेल केला. त्याने आपल्या गाडीची दोन्ही चौकटींची तिरकस मापं घेऊन पाठवली. आमची 8 मिलिमीटरने कमी भरली. बॉडी परत चॅसिसवर बोल्टने बसवली, दाराच्या चौकटीत स्क्रूने ताणता येणारे पाइप लावले, खालून जॅकने रोज थोडं थोडं उचललं. दार हेच गेज. फट वरून खालपर्यंत सारखी झाली की थांबायचं. मग एका बाजूचा सिल पुन्हा कापला, पुन्हा बसवला, आणि तो पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याला हात लावला. चार महिने आणि एक लाख चाळीस हजार रुपये. त्यातले साठ हजार मी घातले. डेंटरने मजुरी निम्मी घेतली. मिस्त्रीकाका पंधरा दिवस गाळ्यावर फिरकले नाहीत. आले ते हातात मिठाईचा पुडा घेऊन, आणि दोघांपैकी कोणीही सिल हा शब्द काढला नाही.

पुतण्याचे बदल

आतलं थोडं करू द्या म्हणणाऱ्या पुतण्याने खरं तर यात सर्वांत शिस्तीने काम केलं. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, त्याच कंसावर. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बाहेरून ओळखूही येत नाही. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, कारण कापूरबावडीच्या सिग्नलला मूळ पंखा काय करणार. मूळच्याच बोल्टना धरून सीटबेल्ट. काढलेला प्रत्येक भाग खोक्यात, त्यावर तारीख आणि फोटो.

वाद झाला तो मागच्या कमानपाट्यावर. या गाडीची मागची चाकं वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय काढला की आत मुडपतात, मागचा भाग उचलतो आणि गाडी फिरते. कंपनीने 1970 च्या शेवटी मार्क 4 मध्ये पाट्याची रचनाच बदलली. बहुतेक पानं घट्ट न आवळता झुलती ठेवली, म्हणजे वळणावर मागचं टोक तितकं उचलत नाही. तो पाटा मार्क 3 ला जवळजवळ जसाच्या तसा बसतो. सोबत पुढे जाड अँटिरोल बार, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणारा दांडा, मात्र हवा. मी म्हणत होतो घालू या. पुतण्या म्हणाला, मग ती मूळ राहिली का? माझं उत्तर असं की चॅसिस, बॉडी, इंजिन सोडून बोल्टने निघणारा, त्याच कारखान्याचा दोन वर्षांनी पुढचा भाग मोठा बदल होत नाही. पाटा बसवला, जुना खोक्यात ठेवला. हा अर्थ प्रत्येक तपासनीस मान्य करेलच असं मी म्हणणार नाही; आमच्या तपासणीत तो प्रश्न निघाला नाही.

रंगाचा निकाल डॅशबोर्डने दिला. लाकडी फळी काढल्यावर मागे हाताएवढ्या जागेत कारखान्याचा मूळ रंग होता, फिकट आकाशी, वेजवुड ब्लू. पुतण्याने फोटो काढून काकूंना दाखवला. त्या म्हणाल्या, "हा काय, हाच होता. लाल यांनी नंतर केला, मला विचारलंसुद्धा नाही." लालचा आग्रह त्याच संध्याकाळी संपला.

निकाल

फेब्रुवारी 2024 मध्ये गाडी पूर्ण झाली. अंदाज सात लाखांचा होता, खर्च पावणेचौदा लाख झाला. त्यात निम्म्याहून जास्त वाटा बॉडी आणि रंगाचा. इंजिन, ज्याची सगळ्यांना धास्ती होती, ते पावणेदोन लाखांत उरकलं.

फॉर्म 31 वर काकूंचं नाव लागलं, मुलीचं संमतीपत्र परदेशातून आलं, उशिराचा दंड भरला. विंटेज नोंदणीत जुनी तीन अक्षरांची पाटी टिकली. गाडीची बाजारातली किंमत खर्चाएवढी असेल का, हे मला विचारू नका. मुलीने विचारलं आणि मी विषय बदलला.

पहिली अधिकृत सफर मुंबईतल्या एका रॅलीत. पुतण्या चालवत होता, शेजारी काकू, डोक्याला रुमाल. लग्नात घालतात तसला नेकलेस घालून आल्या होत्या. ऐरोलीच्या पुलावर त्यांनी टप खाली करायला सांगितला. परत आल्यावर मला म्हणाल्या, "तिसऱ्यांदा बसले बघा. यावेळी पाऊस नव्हता."

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी, पाना हातात घ्यायच्या आधी, टेप, वही आणि मोबाइल. दाराच्या दोन्ही चौकटींची तिरकस मापं, चारही फटी, जमिनीपासून सिलची उंची पुढे आणि मागे. आधाराचे पाइप बॉडी चॅसिसवर असतानाच वेल्ड करायचे, आणि एका वेळी एकच सिल. हे डेंटरला तोंडी सांगून भागत नाही. मी आता कागदावर लिहून सही घेतो. डेंटरची नव्हे, माझी. काय सांगितलं होतं ते मलाच आठवत नाही म्हणून.

मिस्त्रीकाकांना पुन्हा विचारीन का? नक्की विचारीन. फक्त त्यांनी सांगितलेली गोष्ट दोन्ही गाड्यांत सामाईक असलेल्या भागाबद्दल आहे की वेगळ्या भागाबद्दल, हे आधी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून घेईन. ट्रनियन सामाईक होता, चॅसिस नव्हती. मॅन्युअलचं ते पान माझ्याकडे तेव्हाही होतं, मार्चमध्येच छापून आणलं होतं. उघडलं ऑक्टोबरमध्ये.

पैशाचं बोलणं पहिल्याच बैठकीत, दुप्पट आकडा धरून, विकायचा पर्याय मेजावर ठेवून करीन. काकूंनी तरीही विकली नसती असं मला वाटतं, पण मुलीला तो आकडा नंतर कळायला नको होता.

आणि जागेचा विचार गाडीच्या आधी. नव्या टॉवरचा ताबा अजून मिळायचा आहे आणि तिथे दुमजली यांत्रिक पार्किंग येणार आहे. तोवर गाडी माझ्याच गाळ्यात आहे. तेल थोडं गळतं, या इंजिनाला ते चालायचंच. खाली काकूंनी दिलेली जुनी पितळी परात ठेवली आहे, दर शनिवारी मिस्त्रीकाका ती पुसतात आणि किती थेंब पडले ते मला सांगतात.